मधून काठाकडे

उद्यमनगरात, लेथच्या दुकानांमागच्या बोळात,
दस्तगीरमामांच्या शेडखाली
मगदूम सरांची पद्मिनी बॉनेट उघडं टाकून उभी होती,
दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा हेड मी बसवलं होतं.
आयटीआयचं सर्टिफिकेट नवं, अंगात घाई.
हाताला येईल तो बोल्ट आवळत गेले, कडेपासून,
आणि शेवटी पान्याला पाइप जोडून
सगळं वजन.

गाडी तवंदीच्या घाटापर्यंत गेली.
मग सायलेन्सरमधून पांढरा धूर,
आणि डिपस्टिकला तेल कसलं,
टपरीवरचा चहा, साय धरलेला.
सर भाचीच्या साखरपुड्याला
पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन वडापनं गेले.

तीस वर्षं फौंड्रीत कास्टिंग घासून मामांचे कान गेलेत,
बोलतात ते नेहमीच मोठ्यानं.
त्या दिवशी मात्र हळू म्हणाले,
"भाकरी काठाकडनं थापत्यात व्हय गं?"

मला भाकरी येत नाही, हे त्यांना माहीत होतं.
दुपारची आमची दोघांची तेच थापतात,
आधी डिझेलनं, मग साबणानं, मग राखेनं हात धुऊन.
तळव्याची कड मधे टेकते
आणि पीठ आपसूक बाहेर सरकत जातं,
गोल, कुठं फुगवटा नाही.

हेडवर स्टीलची पट्टी आडवी धरली त्यांनी,
मागून बॅटरी मारली.
पट्टीखाली उजेडाची एक रेघ,
केसाएवढी.
मी ती बराच वेळ बघत राहिले.

हेड घासून सपाट होऊन आलं.
मग सायकलच्या स्पोकला चिंधी गुंडाळून
मी दहा भोकं पुसली.
खाली थेंबभर तेल साचलं असलं
तर ते दबत नाही,
बोल्ट उतरला की बिडाचा ब्लॉक फोडतं.
आट्यांना मात्र हवंच,
बोटाला लागेल तेवढं, वॉशरखालीसुद्धा.

खडूनं हेडवर आकडे घातले.
मधला एक, त्याच्या समोरचा दोन,
मग इकडं, मग तिकडं,
दहा अगदी कोपऱ्यात.
आणि तीन फेऱ्या. पहिली पंचवीसची,
दुसरी चाळीसची, तिसरी पुस्तकात असेल ती.
एकदम कुणालाच पूर्ण आवळायचं नाही.

टॉर्कचा पाना लाकडी पेटीत, लाल फडक्यात असतो.
रोज संध्याकाळी मामा त्याची स्प्रिंग सैल करून ठेवतात.
"त्येलाबी झोप लागती."

मी पाना ओढला.
माझ्या मुठीवर त्यांनी त्यांचा तळवा ठेवला,
सागरगोट्यासारखा टणक.
टक्.
मला ऐकू आलं,
त्यांना तळव्यात कळलं.
"बास."
"अजून थोडं?"
ओठ वाचून ते हसले.
"ह्ये थोडंच तुला घाटात नडलं."

तीस वेळा टक्.
बाहेर पलीकडच्या लेथवर कुणीतरी
पितळेचं बुश कापत होतं, चुरा उन्हात उडत होता.
मधेच मी मोजणी विसरले, सहा की सात,
तर परत एकपासून. मामा काही म्हणाले नाहीत,
नुसता खडू पुढं केला.

इंजिन चालवलं, तापवलं,
रात्रभर गार होऊ दिलं.
सकाळी पुन्हा त्याच आकड्यांनी,
एकेक जरासा सैल करून परत आवळला.
बाकीचे होते तिथंच थांबले.
सातवा किंचित पुढं गेला.
काल टक् झालेला तोच बोल्ट,
मी स्वतः ऐकलेला.

मगदूम सर आले, पांढरा शर्ट, टाचणीसारखे ताठ.
"झाली का? आता पोचंन ना?"

मामा पाठमोरे होते,
पान्याची स्प्रिंग सैल करत.
मी खडूचा सात अंगठ्यानं पुसला.
"पाचशे किलोमीटर झाले की
परत आणा, सर," म्हणाले.
"गार असताना."